हाताचा आकार ओळखणारे रीडर एका जाळ्यात कसे जोडावेत: वायरिंग, वीज, नोंदणी आणि नेहमीचे बिघाड

प्रश्न थोडक्यात असा: एका कारखान्याच्या इमारतीत सहा दारांवर हाताचा आकार ओळखणारे रीडर आहेत. प्रत्येक दार स्वतंत्र चालते. नवा माणूस आला की सहा ठिकाणी हात नोंदवायचा, सोडून गेला की सहा ठिकाणी नाव पुसायचे. हे सगळे एकत्र कसे आणायचे, आरएस-485 (अनेक यंत्रे एकाच तारेवर साखळीने जोडायची पद्धत) घ्यायचे की इथरनेट (संगणकांच्या नेटवर्कची केबल), आणि सर्व्हर बंद पडला तर दारांचे काय?

शेवटच्या शंकेचे उत्तर आधी, कारण बाकीची रचना त्यावरच ठरते. दार उघडायचे की नाही हा निर्णय जाळ्यावर सोडू नका. तो दाराजवळच झाला पाहिजे, रीडरमध्ये किंवा त्या दाराच्या कंट्रोलरमध्ये (कुलूप सोडायचे की नाही हे ठरवणाऱ्या पेटीत). जाळ्याकडे तीनच कामे ठेवा: हातांचे नमुने सगळ्या दारांपर्यंत पोहोचवणे, काढलेली नावे सगळीकडून पुसणे आणि ये-जा केल्याच्या नोंदी गोळा करणे. मग सर्व्हर दोन दिवस बंद राहिला तरी माणसे अडत नाहीत. नोंदी रीडरमध्ये साठतात आणि जोडणी परत आली की खेचून घेता येतात. काही नव्या सॉफ्टवेअरमध्ये पडताळणीच सर्व्हरवर करायची सोय असते. दारांसाठी ती वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता यंत्र काय साठवते ते बघू. आपल्याकडे जुन्या इमारतींत दिसणारे बहुतेक नग रेकग्निशन सिस्टिम्स या कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या घराण्यातले असतात. दारासाठी हँडकी, हजेरीसाठी हँडपंच. पुढे ही कंपनी इंगरसोल-रँडकडे गेली, म्हणून काही नगांवर ते नाव दिसते, काहींवर श्लेगचे. 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रीडाग्रामाच्या प्रवेशावर याच पद्धतीचे रीडर होते. खुंट्या असलेल्या पाटीवर हात ठेवला की वरचा कॅमेरा अवरक्त प्रकाशात हाताची बाह्याकृती टिपतो आणि बाजूच्या आरशातून जाडी बघतो. बोटांची लांबी, रुंदी, जाडी अशा मापांतून फक्त 9 बाइटचा नमुना तयार होतो. ठसे किंवा तळव्यावरच्या रेषा तो बघतच नाही. त्यामुळे मेंदी, काजळी, सिमेंटने झिजलेली बोटे यांनी काही बिघडत नाही. ओतकाम किंवा बांधकामाच्या ठिकाणी बोटांच्या ठशांचे यंत्र रोज रुसते, तिथे हे निमूट चालते.

पण या 9 बाइटमध्ये टिपलेला हाताचा आकार हजार माणसांतून एक ओळखण्याइतका वेगळा नसतो. म्हणून हे यंत्र 'हा कोण' असे विचारत नाही, 'हा 1042 आहे का' एवढेच विचारते. आधी कीपॅडवर क्रमांक किंवा कार्ड, मग हात. जाळे आखताना हे विसरले की क्रमांकांचा घोळ होतो, त्याकडे पुढे येतो.

9 बाइटच्या आकड्यावरून इथरनेट की आरएस-485 हा वादही निम्मा मिटतो. 500 माणसांचे नमुने म्हणजे 4500 बाइट. 9600 बॉडवर (तारेवरच्या या वेगाला) सेकंदाला साधारण 960 बाइट जातात. म्हणजे सगळे नमुने कोऱ्या हिशोबाने पाच सेकंदांत आणि प्रोटोकॉलचा भार, उत्तराची वाट बघणे वगैरे धरूनही फार तर एखाद-दोन मिनिटांत पोहोचतात. तेव्हा वेगासाठी इथरनेट घेण्याचे कारण नाही. केबल कुठून न्यायची आणि बिघाड कोण शोधणार, यावर ठरवा. दारे एकाच इमारतीत, एकाच रांगेत असतील तर आरएस-485 स्वस्त आणि टिकाऊ. दारे विखुरलेली असतील आणि प्रत्येक मजल्यावर नेटवर्कचा स्विच आधीच असेल तर इथरनेट.

वायर खेचण्याआधी आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. कुलपाचा रिले (कुलपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) कुठे? रीडरमध्ये रिले असतो आणि कुलूप थेट त्यालाच जोडायचा मोह होतो. पण रीडर दाराबाहेर असतो. कोणी त्याचे कवच उघडले आणि रिलेच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या किंवा तोडल्या, की दार उघडे. भांडारघर, सर्व्हर रूम, रोकड असलेली खोली अशा दारांवर हे चालणार नाही. तिथे रीडर कार्ड-रीडरसारखा वापरा. हात जुळला की तो वीगंड (रीडरकडून कंट्रोलरला क्रमांक पाठवायची जुनी पद्धत) वायरींवरून क्रमांक पाठवतो आणि आतल्या बाजूला असलेला कंट्रोलर कुलूप सोडतो. वीगंडला डेटा-शून्य, डेटा-एक आणि ग्राउंड एवढ्या तीन वायरी लागतात, प्रथेप्रमाणे हिरवी, पांढरी आणि काळी. शील्ड असलेल्या चांगल्या केबलवर 150 मीटरपर्यंत काम होते. ग्राउंड न जोडता फक्त दोन वायरी नेल्या की कधी चालते, कधी नाही, आणि दोष रीडरवर येतो.

या रचनेत एक फसगत नेहमीची आहे. वीगंडवरून फक्त क्रमांक जातो, तोही एकाच दिशेने. हाताचा नमुना त्यावरून येत-जात नाही. म्हणून वीगंड जोडला तरी नमुने वाटायला आरएस-485 किंवा इथरनेटची दुसरी केबल लागतेच. भिंत एकदाच फोडायची असेल तर दोन्ही केबल एकत्र टाका. वीगंडवर कूटबंधनही (एन्क्रिप्शन) नसते. तारेला चिमटा लावला तर क्रमांक वाचता येतो आणि तोच क्रमांक परत पाठवून दार उघडता येते. म्हणून रीडरचा टॅम्पर स्विच (कवच उघडताच कळवणारा) कंट्रोलरला जोडा आणि त्याचा अलार्म खरोखर कोणाला तरी ऐकू जाईल असा ठेवा. नव्या रीडरमध्ये ओएसडीपी (वीगंडच्या जागी आलेली दुतर्फा पद्धत) असेल तर तेच घ्या, कारण त्यात एईएस-128 कूटबंधन करता येते. वरच्या जुन्या नगांना ते येत नाही.

क्रमांकांचे ते पुढे सांगतो म्हटले होते, ते इथे. नेहमीच्या 26 बिट वीगंडमध्ये 8 बिट साइट कोडला (जागेच्या क्रमांकाला), 16 बिट माणसाच्या क्रमांकाला आणि 2 बिट पॅरिटीला (चूक तपासायला) जातात. 16 बिटांत 65535 पर्यंतचाच क्रमांक मावतो. कर्मचारी क्रमांक 70001 असेल तर वरचा बिट गळून बहुधा 4465 पोहोचतो. 4465 हा खराच कोणाचा क्रमांक असेल, तर नोंद त्याच्या नावावर पडते आणि परवानगीही त्याचीच लागू होते. म्हणून दारांसाठी वेगळे चार किंवा पाच आकडी क्रमांक द्या, सगळे सारख्याच लांबीचे, शून्याने सुरू न होणारे. सोडून गेलेल्याचा क्रमांक लगेच नव्या माणसाला देऊ नका.

आरएस-485 ची तार

जाळ्यातले बहुतेक बिघाड इथे जन्माला येतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

तार एका रीडरकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी साखळीनेच न्यायची. इलेक्ट्रिशियनला सवय असते मधल्या जंक्शन बॉक्सपासून प्रत्येक दाराकडे फाटा काढायची. लाइटसाठी ते ठीक, इथे नाही. लांब फाट्याच्या टोकावरून संदेश परावर्तित होतो आणि मग एखादाच रीडर अधूनमधून गायब होतो. 9600 बॉडला एक-दोन मीटरचा फाटा खपतो, वीस मीटरचा नशिबावर. दार साखळीच्या वाटेवर नसेल तर जाऊन परत या: कॅट-6 च्या एका जोडीने जायचे, दुसऱ्या जोडीने परत यायचे.

पीळ असलेली जोडी हवीच. ए आणि बी, म्हणजे संदेशाच्या दोन वायरी, एकाच जोडीतल्या असाव्यात, दोन वेगळ्या जोड्यांतली एकेक नको. शिवाय तिसरी वायर, सामाईक ग्राउंड. 'दोन वायरींवर चालते की' असे बरेच जण म्हणतात, आणि पहिला महिनाभर चालतेही. आरएस-485 चा ग्राहक (संदेश घेणारी चिप) आपल्या ग्राउंडच्या तुलनेत तारेवरचा व्होल्टेज उणे 7 ते अधिक 12 व्होल्टपर्यंतच सोसतो. वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळे एसएमपीएस (डीसी वीज देणारे डबे) असले आणि सामाईक वायर नसली, तर लिफ्ट किंवा वेल्डिंगचे मशीन सुरू होताच हा व्होल्टेज त्याबाहेर जाऊ शकतो. आधी संदेश गळतात, मग कधीतरी चिप जळते. शील्ड मात्र एकाच टोकाला अर्थिंगला जोडा.

120 ओहमचे टर्मिनेशन (टोकावरून संदेश परावर्तित होऊ नये म्हणून लावायचा रोध) साखळीच्या दोन टोकांनाच. अनेक रीडरमध्ये ते छोट्या डिप स्विचवर असते आणि मधल्या नगांवर चुकून चालू राहते. तपासणी सोपी आहे. सगळ्यांची वीज बंद करा आणि ए-बी मध्ये मल्टीमीटरने रोध मोजा. 60 ओहमच्या आसपास आला तर बरोबर. 120 आला तर एक टर्मिनेशन लागलेले नाही किंवा तार मध्येच तुटली आहे. 40 आला तर तीन लागली आहेत. मग वीज द्या, सॉफ्टवेअर बंद ठेवा आणि शांत तारेवर ए-बी मधला व्होल्टेज बघा. तो 200 मिलिव्होल्टपेक्षा कमी असेल तर ग्राहकाला शून्य की एक हे ठरवता येत नाही आणि नसलेले संदेश दिसू लागतात. त्यावर उपाय म्हणजे बायस रोध (शांत तारेला ठरावीक व्होल्टेजवर धरणारे), तेही एकाच जागी, शक्यतो कन्व्हर्टरच्या (साखळी संगणकाला जोडणाऱ्या डबीच्या) टोकाला.

ए आणि बी ही अक्षरे सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत. सगळ्या वायरी नीट असून एकही रीडर बोलत नसेल तर कन्व्हर्टरच्या टोकाला दोन्ही अदलाबदल करून बघा, नुकसान होत नाही. एकच नग गप्प असेल तर त्याच्याच टर्मिनलवर उलटसुलट झाले आहे का ते पाहा. काही रीडर चार वायरींवर बोलतात, काही दोन, काही दोन्हीवर. कन्व्हर्टर मागवण्याआधी नगाची पुस्तिका बघा, आणि कन्व्हर्टर आयसोलेशन (दोन्ही बाजूंचा विजेचा थेट संबंध तोडलेला) असलेलाच घ्या. त्यासाठीचे जादाचे पैसे पहिल्याच वळवाच्या पावसात वसूल होतात. दोन इमारतींमध्ये तांब्याची तार टाकूच नका. तिथे फायबर, दोन्ही टोकांना कन्व्हर्टर. सर्ज अरेस्टर लावला तरी दोन वेगळ्या अर्थिंगमधला फरक त्याने मिटत नाही.

मूळ नियमाप्रमाणे एका साखळीवर 32 नग आणि कमी वेगाला 1200 मीटर लांबी. सहा दारांना यातले काहीच आड येत नाही.

इथरनेट घेतले तर

रीडरला स्थिर आयपी (न बदलणारा नेटवर्क पत्ता) द्या, वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) ठेवा आणि त्यात फक्त नोंदणीच्या संगणकाला येऊ द्या. रीडरच्या जुन्या इथरनेट मॉड्यूलमध्ये पासवर्ड नावापुरता असतो, कूटबंधन नसते. राउटरवर पोर्ट उघडून 'घरून बघता येईल' अशी सोय करणारे भेटतात. ते म्हणजे दाराची किल्ली रस्त्यावर टांगणे.

जुनी मॉड्यूल 10 मेगाबिटवर चालतात. काही नव्या मल्टिगिग (जादा वेगाच्या) स्विचच्या पोर्टना 10 मेगाबिट येतच नाही, मग दिवाच लागत नाही आणि माणूस केबल बदलत बसतो. त्या रीडरपुरता साधा 10/100 स्विच मध्ये घाला. पोर्टवरची वीज-बचत बंद करा. अनेक मॉड्यूल एका वेळी एकच जोडणी घेतात. संगणक मध्येच बंद पडला तर रीडरला जुनी जोडणी जिवंतच वाटते आणि नवी नाकारली जाते. सॉफ्टवेअर परत सुरू केल्यावर रीडर पंधरा-वीस मिनिटे 'सापडत नाही' आणि मग आपोआप येतो, त्याचे कारण बहुधा हेच. संगणकाचे स्लीप बंद ठेवा.

आरएस-485 ची साखळी सीरियल सर्व्हरमधून (अशी साखळी नेटवर्कला जोडणाऱ्या डबीतून) इथरनेटवर घेता येते, आणि सहा दारांसाठी मला तोच मार्ग आवडतो: दारांपर्यंत साधी तार, एकाच जागी नेटवर्क. सॉफ्टवेअरमधली उत्तराची मुदत मात्र वाढवावी लागते, कारण नेटवर्कचा उशीर त्यात मिळतो. मुदत फार कमी ठेवली तर सगळे रीडर आळीपाळीने ऑफलाइन दिसतात.

वीज

रीडर 0.5 अँपियर घेतो असे धरा आणि एसएमपीएस 60 मीटरवर आहे. जाऊन-येऊन 120 मीटर तार. 0.5 चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे 39 ओहम, म्हणजे इथे 4.7 ओहम आणि 2.3 व्होल्ट वाटेतच गेले. 12 व्होल्टचा रीडर 9.7 वर. एरवी चालेल, पण कुलूप त्याच तारेवर असेल तर ते वीज ओढताच रीडर रीस्टार्ट होईल. 1.5 चौरस मिलिमीटरने हीच घट 0.8 व्होल्टवर येते. रीडर 24 व्होल्टवर चालणारा असेल तर तोच मार्ग अधिक चांगला.

कुलपाचा एसएमपीएस वेगळा ठेवा. डीसी कुलपाच्या गुंडाळीवर कुलपापाशीच 1एन4007 डायोड उलटा लावा, पट्टीची बाजू अधिक टोकाला. तो नसला की कुलूप सुटताना येणारा झटका रिलेचे संपर्क खातो आणि डेटाच्या तारेत शिरतो. 'दार उघडते पण नोंद येत नाही' ही तक्रार आली तर आधी डायोड शोधा. 7 अँपियर-तासांची नवी बॅटरी रीडर आणि चुंबकी कुलूप मिळून 1 अँपियरवर सात तास देत नाही, पाच-साडेपाच धरा.

बाहेर पडण्याचा मार्ग सॉफ्टवेअरवर अवलंबून नको. चुंबकी कुलपाची वीज आतल्या बाजूच्या काचफोड बटणाने आणि आगीच्या अलार्मच्या रिलेने थेट तुटली पाहिजे, कंट्रोलरला विचारून नाही.

सुरू करताना

सगळे रीडर आधी टेबलावर, दोन मीटर तारेवर जोडा. एकेक करून वेगळा पत्ता द्या, बॉड सारखा ठेवा. नवे आणि रीसेट केलेले नग एकाच पत्त्याने येतात. दोन एकदम लावले की दोघे एकत्र उत्तर देतात आणि कोणाचेच कळत नाही. टेबलावर सगळे बोलले की मग भिंतीवर. यानंतर जे बिघडेल ते तारेचे, हे नक्की होते.

ही यंत्रे मुळात अमेरिकी बाजाराची, म्हणून घड्याळात उन्हाळी वेळेची सेटिंग असते. ती बंद करा, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये सगळ्या नोंदी एक तासाने सरकतात. घड्याळ रोज सर्व्हरवरून मिळवून घ्या.

पाटी जमिनीपासून साधारण एक मीटर उंचीवर, सगळ्या दारांवर सारखी. उंची बदलली की मनगटाचा कोन बदलतो आणि एका दारावर चालणारा हात दुसऱ्यावर नाकारला जातो. पाटीवर थेट ऊन नको, अवरक्त कॅमेरा त्याने भांबावतो. पाटी ओल्या फडक्याने पुसा, फवारा थेट मारू नका.

नोंदणीत हात तीनदा ठेवून घेतात. घाई करू नका. बोटे खुंट्यांना टेकलेली, तळवा सपाट, सैल बाही मागे, मोठी अंगठी रोज असते तशीच. उजव्या हाताला इजा असेल तर डावा हात उलटा, तळवा वर करून नोंदवता येतो. पडताळणीनंतर यंत्र गुण दाखवते, आणि इथे कमी गुण म्हणजे चांगली जुळणी. एखाद्याचे गुण सतत मर्यादेच्या जवळ येत असतील तर त्याची नोंदणी परत करा. सांधेदुखीमुळे बोटे सरळ होत नसतील तर फक्त त्या माणसाची मर्यादा सैल करा, सगळ्या दाराची नाही.

या यंत्रांचा एक गुण जाळ्यात अडचणीचा ठरतो. यशस्वी पडताळणीबरोबर ती साठवलेला नमुना थोडा थोडा सुधारत राहतात, म्हणजे वजन वाढले, वय वाढले तरी हात जुळत राहतो. पण मुख्य दारावरचा नमुना रोज सुधारतो आणि वर्षातून दोनदा वापरलेल्या गच्चीच्या दारावरचा तसाच राहतो. 'सगळीकडे चालते, तिथेच चालत नाही' याचे हे एक कारण. सॉफ्टवेअर सुधारलेले नमुने परत खेचून इतर दारांना देत असेल तर ते चालू ठेवा. देत नसेल तर मुख्य दाराचे नमुने दर काही महिन्यांनी सगळीकडे पाठवा. उलट दिशेने, सर्व्हरवरचे जुने नमुने मुख्य दारावर ढकलणे, मात्र टाळा. बॅकअपवरून सगळे परत चढवले की दुसऱ्या दिवशी गेटवर रांग लागते, ती यामुळेच.

नाव पुसण्याच्या वेळी रीडर ऑफलाइन असेल तर काही सॉफ्टवेअर आदेश रांगेत ठेवतात, काही गाळून टाकतात आणि पडद्यावर 'काढले' असेच दाखवतात. मग कामावरून गेलेल्या माणसाचा हात मागच्या दारावर चालतच राहतो. खात्रीचा मार्ग म्हणजे दर महिन्याला प्रत्येक रीडरकडून साठवलेल्यांची संख्या आणि यादी मागवून मूळ यादीशी ताडणे. एका रीडरवर 412 आणि बाकीच्यांवर 409 असे दिसले तर ते तीन कोण, हे त्याच दिवशी शोधा. रीडर दुरुस्तीला किंवा भंगारात देण्याआधीही मेमरी पुसा आणि पुसली गेली हे संख्या बघून तपासा.

नमुन्यांची फाइल संगणकावर कूटबद्ध ठेवा आणि ती उघडायचा अधिकार दोन-तीन जणांपुरताच द्या. हात नोंदवण्याआधी लेखी संमती घ्या, नमुना कशासाठी आणि किती दिवस ठेवणार ते त्यात लिहा. ज्याला हात देता येत नाही किंवा द्यायचा नाही, त्याच्यासाठी कार्डाची सोय ठेवा. आपल्याकडे 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम आहे. कंपनीची शाखा अमेरिकेत इलिनॉयमध्ये असेल तर तिथल्या 2008 च्या बायोमेट्रिक कायद्यात हाताच्या आकाराचा थेट उल्लेख आहे, आणि लेखी संमतीशिवाय घेतलेल्या नमुन्यासाठी कर्मचारी स्वतः दावा लावू शकतो. तिथले नमुने इथल्या सर्व्हरवर आणायचा विचार असेल तर वायर टाकण्याआधी वकिलाला विचारा.